बंदी उठतेय, मग जुन्या बटणाच्या चाकूंचं मोल चढणार की उतरणार?

अटकेपार (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. मुक्काम पिट्सबर्ग. गेली सोळा वर्षं मी जुने बटणाचे चाकू जमवतोय. बटण दाबलं की खट्कन पातं बाहेर येतं, ते. आपल्याकडे खटक्याचा चाकू म्हणतात, इथे स्विचब्लेड. आज घरात अकरा नग आहेत: सात इटालियन, तीन अमेरिकन, एक जर्मन.

प्रश्न किमतीचा आहे, पण त्याआधी थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी इटलीतून हे चाकू खिशात घालून आणले. मागोमाग आयातदारांनी ते खोक्यांनी आणले. त्या काळात मासिकांतून जाहिराती यायच्या, पैसे पाठवले की चाकू टपालाने घरी. मग १९५० च्या नोव्हेंबरात एका बायकांच्या मासिकात 'जीव घेणारं खेळणं' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. पोरांच्या टोळ्या आणि हे चाकू ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली. न्यूयॉर्क राज्याने १९५४ मध्ये बंदी घातली. १२ ऑगस्ट १९५८ ला केंद्राचा कायदा झाला: आयात बंद, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विक्री बंद. कारखान्यांनी उत्पादन थांबवलं, आणि जे घराघरांत उरलं होतं ते हळूहळू संग्राहकांकडे आलं.

आता चाक उलटं फिरलंय. केंद्राचा कायदा आहे तिथेच आहे, पण राज्यं आपापली बंदी उठवतायत. न्यू हॅम्पशायर २०१०, टेक्सास २०१३, आमचं पेनसिल्व्हेनिया जानेवारी २०२३. मॅसॅच्युसेट्समध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०२४ मध्ये बंदी रद्द केली. पूर्वी कपाटात जपून ठेवायची वस्तू आज दुकानात काचेखाली मांडलेली दिसते.

माझ्या ओळखीच्या दोघांनी 'आता भाव बसणार' म्हणून सगळा संग्रह विकून टाकला. माझा जीव होत नाही. या वस्तूंचं मोल बंदीमुळे होतं, की त्यांच्या अंगातच काही आहे? ज्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे, मग ती वस्तू कुठलीही असो, त्यांनी मनापासून सांगा.

कोयरी:

चाकू आणि तोही बटणाचा? घरात लहान मुलं असतील ना? किमतीचं राहू दे, मला आधी हे सांगा की ठेवता कुठे.

अटकेपार:

@कोयरी, प्रश्न अगदी रास्त आहे. कुलपाच्या लाकडी पेटीत. आत कप्पे आहेत आणि प्रत्येक चाकू उघडा ठेवलेला असतो, बंद नाही. इटालियन चाकूत पातं मिटलं की आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, वाकून ताणलेली राहते, उघडं असलं की तिला विसावा मिळतो. वर्षानुवर्षं मिटून ठेवलेल्या चाकूची कमान एक दिवस जागच्या जागी मोडते. किल्ली माझ्याकडे असते. मुलगी आता कॉलेजात आहे, लहान होती तेव्हा पेटी बँकेच्या लॉकरमध्ये असायची.

लोखंडी_पेठ:

मी डाय-मेकर, चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली, आता निवृत्त. ही आतली रचना जरा नीट लिहाल का? कमान चपटी असते की गुंडाळलेली?

अटकेपार:

@लोखंडी_पेठ, तुमच्यासाठी सविस्तर लिहितो. इटालियन चाकूत चपटी लांब कमान असते, मुठीच्या आतल्या पितळी पट्टीला एका टोकाशी रिव्हेटने बसवलेली. तिचं मोकळं टोक पात्याच्या बुडाला सतत ढकलत असतं. पात्याच्या बुडात एक भोक, त्यात बटणाखालची खीळ अडकते. बटण दाबलं की खीळ उचलली जाते आणि पातं सुटतं. बटणाच्या खाली एक छोटी सरकपट्टी असते, ती सरकवली की बटण दाबलंच जात नाही.

खरी गंमत पातं उघडल्यावर मिटायचं कसं यात आहे. जुन्या चाकूंत पाठीवर पोलादी पट्टी असते, तिच्या भोकात पात्याचा दात बसतो. नखाने ती पट्टी किंचित उचलायची आणि पातं मिटायचं. याला पिकलॉक म्हणतात. तो दात भोकात बसताना जो 'टक्' आवाज होतो, तो प्रत्येक चाकूचा वेगळा. पुढे खर्च कमी करायला मुठीची वरची धातूची टोपीच फिरती केली, ती वळवली की पट्टी उचलली जाते. वापरायला सोपं, घडवायला स्वस्त. म्हणून आज पिकलॉक आणि फिरत्या टोपीचा चाकू यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

लोखंडी_पेठ:

वा! म्हणजे दात आणि भोक यांचं माप प्रत्येक नगात कानशीने हाताने जुळवलेलं असणार. यंत्रावर हे इतकं घट्ट त्या काळी बसलं नसतं. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर इथेच आलं: ज्यात हाताची फिटिंग आहे त्याचा भाव पडणार नाही.

हडसनकाठ:

मी न्यूयॉर्क राज्यात राहतो, वाल्डन गाव माझ्यापासून तासाभरावर आहे. इटालियन चाकूंची चर्चा नेहमी होते, पण अमेरिकन बटणाच्या चाकूचं माहेर हे वाल्डन. जॉर्ज श्रेड नावाच्या माणसाने १८९० च्या दशकात इथे बटणाचा खिशातला चाकू काढला. १९०४ मध्ये श्रेड कटलरी कंपनी उभी राहिली. पुढे कनेटिकटच्या ब्रिजपोर्टमध्ये त्याच माणसाच्या कारखान्यातून 'प्रेस्टो' नावाने चाकू निघाले. हे गुंडांसाठी नव्हते हो. शेतकरी, माळी, ज्याचा एक हात कामात अडकलेला असतो अशा माणसासाठी होते. १९५८ च्या कायद्यातही एकच हात असलेल्या माणसाला तीन इंचांपर्यंतच्या पात्याची सूट आहे, ती काही उगाच नाही.

सैन्याचंही तसंच. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांना बटणाचा चाकू दिला जायचा, झाडात अडकला तर एका हाताने दोर कापता यावा म्हणून. बंदीनंतरही हवाई दलासाठी केशरी मुठीचा चाकू वर्षानुवर्षं बनत राहिला: एका बाजूला बटणाचं पातं, दुसऱ्या बाजूला दोर कापायचा आकडा. माझ्याकडे असा एक आहे. केशरी रंग इतका भडक की बर्फात पडला तरी लांबून दिसावा.

आता किमतीबद्दल. @अटकेपार, तुमच्या मित्रांनी घाई केली. बाजार एक नाही, दोन आहेत. साठ-सत्तरच्या दशकातले साधे, फिरत्या टोपीचे, प्लॅस्टिक मुठीचे इटालियन चाकू लोक घ्यायचे ते 'मना केलेली वस्तू' म्हणून. त्यांना नव्या मालाने नक्की धक्का बसलाय. पण जुना पिकलॉक किंवा हाडाच्या मुठीचा श्रेड घेणारा माणूस बंदीसाठी घेत नव्हता. तो आजही घेतो, आणि आता उघडपणे घेतो. पूर्वी जे लोक भीतीने या वाटेला जात नव्हते, तेही आलेत.

एडिसनवाला:

'उघडपणे' हा शब्द जपून वापरा. न्यू जर्सीत आजही असा चाकू जवळ ठेवायला सांगता येण्याजोगं कायदेशीर कारण लागतं. कॅलिफोर्नियात दोन इंच आणि त्यावरचं पातं घेऊन फिरता येत नाही. आणि टपालाने पाठवणं तर केंद्राच्या कायद्यानेच बंद. म्हणून खरेदी-विक्री अजून प्रदर्शनांत, हातोहात चालते. जूनमध्ये अटलांटाला चाकूंचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे मी नुसता बघायला जातो. म्हातारे विक्रेते मखमलीवर दहा-दहा चाकू मांडून बसतात. विचारलंत तर तासभर बोलतील, न विचारता हात लावलात तर ओरडतील.

नर्मदातीर:

इथे रामपुरीचा उल्लेख अजून कसा नाही? आपल्या मुंबईच्या साठ-सत्तरच्या दशकातल्या गोष्टी रामपुरीशिवाय पूर्ण होत नाहीत.

मी दोन वर्षांपूर्वी कामानिमित्त रामपूरला गेलो होतो. तिथे २०२३ मध्ये एका चौकात वीस फुटांचा चाकू उभा केलाय, चौकाचं नावच चाकू चौराहा. बाजारात मात्र खरे कारागीर मोजकेच उरलेत. एका दुकानात म्हाताऱ्या कारागिराने माशाच्या आकाराच्या पितळी मुठीचा चाकू उघडून दाखवला. पातं सावकाश उघडताना कट्-कट्-कट् असा दाते पडल्याचा आवाज. तो म्हणाला, 'आवाज ऐकून कोणाच्या हातचा आहे ते आम्ही सांगतो.' @अटकेपार, तुम्ही वर लिहिलेल्या 'टक्'वरून तेच आठवलं.

अटकेपार:

@नर्मदातीर, अंगावर काटा आला वाचून. इटलीतही दोन-तीन गावांचीच ही कला. उत्तरेला मनिआगो, तिथे चाकूकारागिरीचं संग्रहालय आहे. टस्कनीत स्कार्पेरिया, दक्षिणेला फ्रोसोलोने. १९०८ च्या कायद्याने टोकदार चाकूंवर बंधनं आली आणि स्कार्पेरियाच्या कारागिरांचं कंबरडं मोडलं. कित्येकांनी गाव सोडलं. रामपूर आणि स्कार्पेरिया, दोघांची गोष्ट सारखी. गुन्हा भलत्याचाच आणि बंदी कारागिराच्या पोटावर.

साधी_माणसं:

असहमत. मी पस्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होते. चाकूने फाटलेली पोटं रात्रपाळीला पाहिली आहेत. कारागिराबद्दल मला आदर आहे, पण बंदी 'भलत्याच्या गुन्ह्यासाठी' म्हणणं मला पटत नाही. जो चाकू खिशातून एका क्षणात निघतो, तो भांडणातही एका क्षणात निघतो.

अटकेपार:

@साधी_माणसं, तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. तुम्ही जे पाहिलंय ते मी पाहिलेलं नाही. 'भलत्याचाच' हा शब्द मागे घेतो.

लेस्टरकर:

ब्रिटनमधलं सांगतो. इथे १९५९ पासून विक्री बंद होती, पण घरात ठेवलेला चालायचा. २०१९ च्या नव्या कायद्याने घरात ठेवणंही बंद झालं, अंमल २०२१ च्या जुलैत आला. त्याआधी, डिसेंबर २०२० ते मार्च २०२१, सरकारने चाकू जमा करून भरपाई मागायची मुदत दिली होती.

माझ्या सासऱ्यांकडे एक जर्मन चाकू होता, झोलिंगेनचा, हरणाच्या शिंगाची मूठ, बटणाऐवजी उचलायची पितळी तरफ. पन्नास वर्षांपूर्वी जर्मनीत नोकरीला होते तेव्हा घेतलेला. रविवारी सफरचंद त्यानेच कापायचे. मी त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. त्यांनी रुमालात गुंडाळून नेला होता. अधिकाऱ्याने चाकू घेतला, पावती दिली, रुमाल परत केला. ते परत येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. भरपाईचा अर्जही त्यांनी भरला नाही. म्हणाले, 'त्याचे कसले पैसे घ्यायचे?'

तर धागाकर्त्याच्या प्रश्नाचं एक उत्तर हेही आहे. कायदा एका बाजूला मोल वाढवतो, दुसऱ्या बाजूला शून्यावर आणतो. जर्मनीतही २०२४ मध्ये नियम कडक झाले.

कोयरी:

@लेस्टरकर, रुमालाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी या धाग्यावर विरोध करायला आले होते, आता रोज उघडून वाचतेय.

आजोळ:

नमस्कार, मी इथे नवीन, आजवर नुसती वाचक होते. हा धागा वाचून एक गोष्ट विचारायचं धाडस करते.

माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या घरी त्यांची लोखंडी ट्रंक आहे. मागच्या दिवाळीत आत्यानं ती उघडली. पट्टा, दोन पदकं, एक फुटका आरसा, आणि खाकी पायपट्टीत गुंडाळलेला एक चाकू. काळ्या शिंगाची मूठ, एका बाजूला चीर गेलेली. बटण आहे, पण दाबलं तरी काही होत नाही, पातं हाताने ओढावं लागतं. पातं निमुळतं, एका कडेने झिजून बारीक झालंय. पाठीवर एक पट्टी आहे, ती नखाने उचलली की मिटतं. म्हणजे तुम्ही म्हणता तो पिकलॉकच ना? बुडाशी काही अक्षरं आहेत, गंजामुळे वाचता येत नाहीत.

याची किंमत किती असेल असं विचारत नाही. हे काय आहे, एवढंच कळलं तरी पुरे.

हडसनकाठ:

@आजोळ, हात लावू नका! म्हणजे घासू नका. पॉलिश पेपर, चिंच, राख, लिंबू, काही म्हणजे काही नको. गंजावर पातळ तेलाचा एक थेंब, दोन दिवस तसाच ठेवा, मग मऊ सुती कापडाने टिपा. घासून चकचकीत केलेल्या चाकूची निम्मी किंमत त्याच दिवशी जाते आणि ठसा गेला तर ओळखच जाते.

अटकेपार:

@आजोळ, मी सकाळपासून तीनदा वाचलं. आठवी भारतीय डिव्हिजन १९४३ च्या अखेरीस इटलीत ट्रिग्नो आणि सांग्रो नद्यांच्या काठी लढत होती, तिच्यात मराठ्यांची पलटण होती. तिथून आत डोंगरात मोलिसे प्रांतात फ्रोसोलोने आहे, चाकू-कात्र्यांचं जुनं गाव. पुढे १९४४ च्या जुलैत वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले आणि त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांना. पणजोबा यात कुठे होते ते पलटणीच्या कागदांतून कळेल. चाकू कुठला ते ठशातून.

पाठीवरची पट्टी नखाने उचलावी लागते म्हणजे पिकलॉक. बटण चालत नाही म्हणजे बहुधा आतली कमान मोडलीय.

लोखंडी_पेठ:

कमान मोडली असेल तर मी नवी करून देऊ शकतो. करवतीच्या जुन्या पात्याचं पोलाद घेऊन, पाणी देऊन, निळसर होईपर्यंत उतरवून. हे काम मी डोळे मिटून करीन. वस्तू चालती असावी, नाहीतर ती नुसतं लोखंड.

हडसनकाठ:

@लोखंडी_पेठ, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण नको. संग्राहक जुनी मोडकी कमान असलेला चाकू घेईल, नवी कमान घातलेला घेताना दहा प्रश्न विचारेल. बाजारात जुने सुटे भाग जोडून केलेले 'जुने' चाकू इतके आहेत की लोक प्रत्येक रिव्हेट भिंगाखाली बघतात. बंदीच्या काळात इटलीहून सुटे भाग यायचे, इथे जुळवले जायचे. शिवाय आज पिकलॉकच्या सुंदर नव्या नकला बनतात. एका विक्रेत्याने मला तसाच एक 'युद्धपूर्व' म्हणून विकला होता. पात्याच्या बुडाशी घासल्याचा एकही ओरखडा नव्हता, रिव्हेटची डोकी गोल गरगरीत. ऐंशी वर्षं खिशात राहिलेल्या वस्तूचं असं होत नाही. मला सहा महिन्यांनी कळलं.

लोखंडी_पेठ:

पण @आजोळ विकणारच नाहीयेत. मग संग्राहकाच्या दहा प्रश्नांचं काय घेऊन बसलात? पणतीने बटण दाबावं आणि पणजोबांनी ऐकलेला आवाज ऐकावा, याला काही किंमत नाही?

वकिली_चष्मा:

मध्येच बोलतो. @आजोळ, माझ्या मते कमान आहे तशीच राहू द्या. आपल्याकडे घरात जुनी वस्तू असणं वेगळं आणि ती खिशात घालून बाहेर पडणं वेगळं. वर्तमानपत्रात रोज वाचता ना, 'शस्त्र अधिनियम कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम ३७(१), १३५ अन्वये गुन्हा दाखल'. जमावबंदीचे आणि शस्त्रबंदीचे आदेश सणासुदीला निघतात, निवडणुकीला निघतात. दिल्लीत तर १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या चाकूच्या पात्याच्या लांबी-रुंदीची मर्यादाच ठरवून दिलीय: ७.६२ सेंटिमीटर आणि १.७२ सेंटिमीटर. दुरुस्तीसाठी बसने पुण्याला नेणं, विमानाने कोणाला दाखवायला नेणं, असलं काही करू नका. शंका असेल तर पदकांसकट जवळच्या पोलीस ठाण्यात रीतसर दाखवून या.

सुपारी_कात:

मी अडकित्ते जमवतो, दोनशेच्या वर आहेत. पुण्यात केळकर संग्रहालयात लहानपणी पाहिले आणि नाद लागला. चाकूंतलं मला काही कळत नाही, पण हाच वाद अडकित्त्यांत रोज असतो. सैल झालेली बिजागरी ठोकून घट्ट करावी की नाही? मी पूर्वी करायचो. मग एका घोड्याच्या आकाराच्या जुन्या अडकित्त्याची बिजागरी ठोकून घेतली आणि पितळेला चीर गेली. तेव्हापासून बंद.

@अटकेपार, अडकित्त्यांवर कोणी बंदी घातली नाही, फक्त लोकांचं घरात पान लावणं सुटलं. तरी चांगल्या नगाचा भाव वर्षाला चढतोच आहे. साधे ओतीव मात्र कोणी विचारत नाही.

हडसनकाठ:

अवांतर, पण महत्त्वाचं. ज्यांच्याकडे रंगीत, पारदर्शक, मोत्यासारख्या चमकीच्या मुठीचे जुने चाकू असतील त्यांनी आत्ताच पेटी उघडून वास घ्या. या मुठी सेल्युलॉइडच्या, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या असतात, त्यात कापूर असतो. म्हातारं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्ल वाफ निघते. आधी नाकाला झोंबणारा वास, मग पितळेवर हिरवा थर, मग पात्यावर गंजाचे ठिपके. आणि त्या एका चाकूपायी पेटीतले शेजारचे सगळे खराब होतात. मी असे तीन श्रेड घालवले. सेल्युलॉइडवाले वेगळे, हवा खेळती राहील असे ठेवा. आगीपासूनही लांब.

अटकेपार:

@हडसनकाठ, प्रतिसाद वाचला आणि उठून पेटी उघडली. हिरव्या मुठीच्या प्रेस्टोला वास येतोय. त्याच्या शेजारच्या इटालियनच्या पितळी टोपीवर हिरवट कड धरलीय. दोन आठवड्यांपूर्वी नव्हती, किंवा मी पाहिली नव्हती. प्रेस्टो आता वेगळ्या पुठ्ठ्याच्या डब्यात आहे. तुमचे उपकार.

एडिसनवाला:

या एका प्रतिसादासाठी धागा वाचनखुणांत टाकतोय.

आजोळ:

सगळ्यांचे आभार. तेल घातलं होतं. तिसऱ्या दिवशी आत्यानं तिच्या सुती पदराच्या टोकाने टिपलं. अक्षरं अर्धीच दिसतात: आधी काही नाही, मग ओ, एल, ओ, एन, ई. रोमन लिपीत. मी आधी 'कोलोन' वगैरे काहीतरी समजले होते.

आणि झिजलेल्या पात्याचं कोडं सुटलं. आत्या म्हणाली, पणजोबा याने आंब्याची कलमं बांधायचे. परत आल्यावर तीस वर्षं. कमान फार आधी मोडली होती, तिने स्वतः कधी बटणाने उघडलेला पाहिला नाही. ते मांडीवर ठेवून नखाने पट्टी उचलायचे आणि तिला म्हणायचे, 'बघ, याचं कुलूप पाठीवर आहे.' धार ओट्याच्या दगडावर लावायचे, त्या दगडाला अजून खोबण आहे. घरामागची सात झाडं त्या चाकूची आहेत.

अटकेपार:

ओ, एल, ओ, एन, ई. फ्रोसोलोनेच हो! दुसरं काय असणार? बाईसाहेब, मी आत्ता ऑफिसात उभा राहिलो.

@लोखंडी_पेठ, आता माझाही कौल सांगतो. कमान मोडली त्यानंतर तीस वर्षं हा चाकू चालूच होता, कलमं बांधत होता. तो 'चालता' करायचा राहिलेलाच नाही.

लोखंडी_पेठ:

मान्य. कलमाचं वाचल्यावर माझा आग्रह सुटला. फक्त मुठीची चीर वाढू देऊ नका. शिंग कोरडं पडलं की आकसतं आणि रिव्हेटपाशी फाटतं. बोटावर घेऊन खोबरेल नको, त्याला वास येतो आणि किडे लागतात. पांढरं मिनरल ऑइल औषधाच्या दुकानात मिळतं, त्याचा हलका हात. आणि ट्रंकेत शिंग खाणारी कीड नाही ना ते बघत जा.

साधी_माणसं:

@आजोळ, सात झाडांचा फोटो टाका. मी चाकूच्या बाजूची नाही, पण या चाकूची आहे.

हडसनकाठ:

धागाकर्त्याचा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहू नये. @अटकेपार, काय ठरलं?

अटकेपार:

ठरलं. गेल्या आठवड्यात अकराही नग टेबलावर मांडले आणि प्रत्येकाला विचारलं, तुझ्यावर बंदी नसती तर मी तुला घेतलं असतं का? चार असे निघाले की उत्तर 'नाही' आलं. चौघेही सत्तरच्या दशकातले, फिरत्या टोपीचे, एकाच साच्यातले. ते मी पुढच्या प्रदर्शनात याच राज्यात विकणार आहे, घेतले त्याहून कमीत जातील हे धरूनच. @हडसनकाठ, तुमचा दोन बाजारांचा मुद्दा माझ्याच टेबलावर खरा ठरला.

उरलेले सात राहणार. त्यातला १३ इंची पिकलॉक मी २०११ मध्ये एका म्हाताऱ्या इटालियन न्हाव्याकडून घेतला होता. तो म्हणाला होता, वडिलांचा आहे, मनिआगोचा. मी तेव्हा लगेच किंमत विचारली आणि पुढचं काहीच विचारलं नाही. त्याच्या वडिलांचं नाव, ते केव्हा आले, त्याने काय कापायचे, काही नाही. न्हावी आता हयात नाही. त्याची मुलगी अजून ते दुकान चालवते असं कळलंय. शनिवारी जाऊन येतो.

कोयरी:

शनिवारचं इथेच लिहा. वाट बघते.

आजोळ:

@साधी_माणसं, झाडांचा फोटो आत्याचा मुलगा काढतोय, दोन झाडांना यंदा मोहोर चांगला आहे.

@अटकेपार, चाकू उघडाच ठेवायचा असं तुम्ही पहिल्याच प्रतिसादात लिहिलं होतं. कमान मोडली असली तरी आत्यानं ते मनावर घेतलं. उघडा चाकू ट्रंकेत आडवा मावेना. तिच्या शिवणयंत्राच्या टेबलाला लांब खण आहे, टेप आणि कात्रीचा. त्यात पायपट्टी अंथरून ठेवलाय, बरोबर बसला. खणाला कुलूप आहे.